वंदनाकडे खेळायला

वंदनानं कुणाचा सल्ला घेतला नव्हता, आणि धर्मराज दाजींच्या मते तिची पहिली चूक हीच होती.

खरं म्हणजे धंदा तिनं सुरू केलाच नव्हता, तो रांगत रांगत तिच्या दारात आला होता. नवीन जालन्यात स्टेशन रोडवरून आत वळलं की गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भाड्याचं घर. नवरा कल्याण एका बियाणे कंपनीत सेल्सला. ती स्वतः मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, दुसऱ्या बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये बी उगवतं की नाही ते तपासायला. मुलगी झाली, प्रियदर्शनी, लाडानं पियू; रजा संपली, वंदना कामावर परत गेली, आणि पियूला सांभाळायला ठेवलेल्या बाईला तिनं फोन करकरून इतकं भंडावलं की त्या बाईनं आठवड्याच्या आत हात जोडले. लेकरू रडतंय तर का रडतंय, आणि रडत नाही तर का रडत नाही, या दोन्ही काळज्या वंदनाला एकाच वेळी करता येत. शेवटी तिनं लॅब सोडली. साहेब भले होते. दिवाळीपर्यंत जागा भरत नाही, म्हणाले.

ती घरी बसली तशी समोरच्या घरातली चिन्मयी एके सकाळी दारात उभी राहिली. चिन्मयी बँकेत अधिकारी, तिचा अपूर्व नुकता पळायला लागलेला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तुझ्याकडे याला जरा खेळायला सोडू का, पियूलाही सोबत होईल. अपूर्व खेळायला आला तो बँक सुटेपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशीही आला. मग मागच्या गल्लीतल्या शिक्षिकेची मुलगी आली, मग एका वकिलीणबाईंचे जुळे. श्रावण लागेपर्यंत वंदनाची पुढची खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेली असे. पैसे येत, पण पैसे म्हणून येत नसत. महिना झाला की फोनवर रक्कम जमा होई आणि तिच्याखाली शेरा असे, ‘पियूच्या खाऊसाठी’. पियूला अजून धड दातही आले नव्हते. त्या मानानं तिला खाऊ फार येई.

घरात दुर्गुण म्हणून गाजलेली वंदनाची काळजी इथं मात्र कामाला आली. कोणतं मूल बटण दिसलं की तोंडात घालतं, कोणतं झोपेत दात खातं, कुणाला कपडे बदलताना लाज वाटते, हे तिला त्यांच्या आयांच्या आधी कळे. पाणी उकळलेलं, बिछान्याची चादर रोज धुतलेली, विजेच्या खटक्यांवर चिकटपट्टी. मुलं तिच्याकडे रडत येत नसत, जाताना मात्र रडत.

कल्याणला हे पटत नव्हतं.

“तू धंदा करून राह्यली का शेजार करून राह्यली, एकदाचं ठरव,” तो म्हणाला. “धंदा असंल तर धंद्यासारखा दिसला पायजे. न्हाई तर दिवाळीनंतर लॅब. पियूला आई सांभाळायला तयारच हे.”

आई म्हणजे द्वारकाबाई. ती राहणार कुंभार पिंपळगावला. शेत, दोन म्हशी आणि सालगड्यावरचा अविश्वास एवढा पसारा सोडून तिनं जालन्यात येऊन राहणं शक्य नव्हतं. म्हणजे पियूच तिकडे जाणार, आणि मायबाप रविवारी जाऊन तिला बघून येणार. द्वारकाबाईनं कडीला पाळणाही टांगून ठेवला होता. दसरा झाला की येते न् पोरीला घिऊन जाते, असा तिचा निरोप होता. नणंदेनं, दैवशालानं, त्या रिकाम्या पाळण्याचा फोटो वंदनाला प्रेमानं पाठवला. तो फोटो वंदनानं परत उघडला नाही, आणि पुसलाही नाही.

दैवशालाचा नवरा म्हणजे हे धर्मराज दाजी, हसनाबादचे. धंद्यातला त्यांचा अनुभव दांडगा. आधी त्यांनी ठिबक सिंचनाचं दुकान काढलं, मग थंड पाण्याच्या जारचा प्लांट, मग हसनाबादसारख्या गावात जिम, जिथली पोरं दिवसभर पोती उचलतात आणि संध्याकाळी वजन उचलायला पैसे द्या म्हटलं की हसतात. तिन्ही बंद पडल्यावर दाजींकडे अनुभव एवढा साठला की वाटल्याशिवाय राहवेना. आता ते नवउद्योजकांना मार्गदर्शन करत. तालुक्याच्या गावी व्याख्यानं देत, आणि व्याख्यान नसेल त्या दिवशी नातेवाइकांकडे जात. जावयाला वाढलेलं ताट आणि जावयानं दिलेला सल्ला, दोन्ही नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हटलं तर लेकीला तिच्या घरी ऐकावं लागतं.

श्रावणातल्या एका दुपारी दाजी आले, सोफ्यावर बसले आणि झोपलेल्या मुलांकडे मोंढ्यात लिलावाला आलेल्या मालाकडे बघावं तसं बघत राहिले.

“वहिनी, बोर्ड कुठाय?”

वंदना म्हणाली, कशाचा बोर्ड, असंच बरं चाललंय.

“चालून राह्यलंय, बराबर. पण धंदा पळाला पायजे. जो दिखता है वो बिकता है.” मग हळू आवाजात, व्याख्यानात गुपित फोडताना करत असावेत तसा चेहरा करून ते म्हणाले, “आन् नुस्ता बोर्ड न्हाई. गिऱ्हाइकांचे फोटो टाकायचे. माणूस एकदा फ्लेक्सवर आला का जन्मभर तुमचा.”

यात दाजींची चूक म्हणावी तर तशी काही नव्हती. त्यांच्या सगळ्या पंचक्रोशीत वाढदिवसाला, निवडीला, नव्या ट्रॅक्टरला, आणि बैलाची शिंगं रंगवल्यालासुद्धा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर फोटो आला नाही म्हणून बोलणं सोडलेले भाऊ त्यांनी पाहिले होते. फोटो आला म्हणून कुणी रागावेल, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं, आणि अनुभव तर, वर सांगितलंच, दांडगा.

वंदनाला भीती वाटली ती नजर लागायची. आधी मुलांना, मग धंद्याला. तिनं तसं म्हटलं. एवढी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई नजर मानते का, म्हणून दाजी हसले. ती मानत नव्हती. फक्त लागू नये एवढंच तिला वाटायचं. पण कल्याण म्हणाला, दाजींना नाही कसं म्हणायचं. आणि वंदनाच्या मनात दिवाळी होती, कडीला टांगलेला पाळणा होता. दिसलं म्हणजे धंदा ठरणार असेल, तर दिसू दे, असं म्हणून ती गप्प बसली. दाजींनी निघताना मोबाइल काढला आणि झोपेतून उठून भिंतीला टेकलेल्या मुलांचे एकेक फोटो काढले. अपूर्वचा तर हसताना.

गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर फ्लेक्स लागला. तो घराच्या कुंपणाहून मोठा असल्यामुळे निम्मा विजेच्या खांबाला बांधला. वर ‘प्रियदर्शनी पाळणाघर’, खाली ‘आमची कोठेही शाखा नाही’. मधोमध निळ्या डोळ्यांचं, सोनेरी केसांचं, जालन्यात कधी न जन्मलेलं बाळ. त्याच्या डोक्यावर, प्रेरणास्थान म्हणून, गॉगल घातलेले धर्मराज दाजी. आणि खालच्या पट्टीत ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून, प्रत्येकाच्या आईबापांच्या नावासकट, गल्लीतली मुलं. हाच फ्लेक्स दाजींनी कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला. त्याखाली पहिल्या तासात बरेच हात जोडलेले आले. जोडणाऱ्यांत त्या मुलांचे आईबाप नव्हते, हे फक्त वंदनाच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी चिन्मयीचा निरोप आला, अपूर्वला सर्दी आहे. शिक्षिकेकडे परभणीहून आई आली. वकिलीणबाईंच्या घरी गौरी बसणार होत्या, त्या उठल्या तरी जुळे आले नाहीत. मग पितृपंधरवडा लागला आणि कल्याणनं सगळं त्याच्यावर टाकलं: या दिवसांत कुणी नवं काही करत न्हाई. पण हे काही नवं करायचं नव्हतं, जुनंच चालू ठेवायचं होतं, असं वंदना म्हणाली. ते त्यानं ऐकलं नाही. त्याचं म्हणणं आधीच तयार असलं की तो दुसऱ्याचं ऐकत नाही.

दाजींना फोन केला तर ते मुळीच हलले नाहीत. पहिलं गिऱ्हाईक तुटतं, मंग नवं जुडतं, हे ते दर व्याख्यानात सांगतात म्हणे. आता गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही एक फ्लेक्स लावा, थोडा खर्चा होईल पण जल्दी रिझल्ट येईल. पाण्याच्या प्लांटचं नवं गिऱ्हाईक कधी जुडलं, हे विचारण्याइतकी वंदना उद्धट नव्हती. फ्लेक्स वाचून चौकशीला आला तो एकच माणूस. रंग फार छान आलेत, कुठं छापला, एवढं विचारून तो गेला.

रिकाम्या खोलीत पियू एकटीच चेंडू ढकलायची आणि तो परत कोण पाठवतं याची वाट बघायची. वंदना खिडकीत उभी राहून रस्ता बघायची. तिला दिसलं ते असं: चिन्मयी बँकेत जाताना आता मागच्या गल्लीनं जाते. आणि सर्दी झालेला अपूर्व समोरच्या घरात सकाळभर खणखणीत आवाजात रडतो, मग कार्टूनचं गाणं लागतं, मग तो गप्प होतो, मग गाणं थांबतं, मग पुन्हा रडतो. सर्दीचं रडणं असं नसतं.

घटस्थापना झाल्यावर न राहवून ती पियूला कडेवर घेऊन समोर गेली. दार चिन्मयीच्या सासूबाईंनी, अरुंधतीबाईंनी उघडलं. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त फक्त शाळेतून. वंदनाला बघताच त्यांनी आधी आत जाऊन अपूर्वच्या हातातला मोबाइल काढून उशीखाली ठेवला, मग हसल्या. केस विस्कटलेले, गुडघ्याला पट्टा, डोळ्यांखाली दोन मुलांच्या आईला शोभेल असा थकवा.

“काकू, माझं काही चुकलं का?”

“छे गं, चुकायचंय काय? तुझा व्यवसाय आहे. मुलींनी करावं काहीतरी.” त्यांनी पदर सारखा केला. “पण पाळणाघर म्हणजे कसं, ज्यांच्या घरात माणसं नाहीत त्यांची ती सोय. आमच्याकडे माणसं आहेत.”

“पण अपूर्व तर रोज यायचा.”

“यायचा की. तुझ्या मुलीला सोबत नको का? शेजारधर्म म्हणून पाठवत होतो आम्ही.” मग आवाज जरा खाली आला. “माझ्या भिशीतल्या बायका मला विचारतात, अरुंधती, तुझ्या नातवाचा फोटो चौकात का लावलाय? आजी असताना मूल पाळणाघरात का? मी काय सांगायचं त्यांना?”

वंदनाला आता उमगलं. सगळ्या गल्लीला पाळणाघर हवं होतं, आणि तो शब्द कुणालाच नको होता. तिच्या दारात मूल सोडून जाणारी प्रत्येक आई घरी सांगत होती की ते खेळायला गेलंय, आणि प्रत्येक आजी ते खरं मानत होती, कारण मानल्याशिवाय दुपारी आडवं होता येत नव्हतं. मुलं सांभाळायचे ती पैसे घेत होती. ही झाकलेली मूठ मात्र ती फुकट सांभाळत होती, आणि गिऱ्हाईक टिकलं होतं ते त्या फुकटच्या मालावर. दाजींनी नेमकी तीच मूठ, फोटो आणि नावासकट, विजेच्या खांबाला बांधली होती.

उठावं म्हणून तिनं पियूला सावरलं, तेवढ्यात पियूनं कान चोळला.

“हिला टोपडं नाही?” अरुंधतीबाई म्हणाल्या. “कानात वारं शिरतंय. बघ बघ, कसा चोळतीय. आण इकडे.”

आणि त्या उठल्या. गुडघ्याचा पट्टा विसरून उठल्या, पियूला घेतलं, कानामागं बोट फिरवलं, टाळू बघितली, पोटावर टिचकी मारली, आणि टाळूला तेल, दुधात वेखंड, उन्हं चढायच्या आत आंघोळ असं एकापुढं एक सांगत सुटल्या. त्यांच्या डोळ्यांखालचा थकवा पार उतरला. वंदनाला हा चेहरा ओळखीचा वाटला. श्रावणात सोफ्यावर बसून बोर्ड कुठाय विचारणारा चेहरा अगदी असाच उजळला होता.

टोपडं तिनं मुद्दाम काढलं होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, आणि पोरीला उकडतंय की गार वाटतंय हे ती मानेमागं हात लावून तासातासाला बघायची. तोंडावर आलेलं हे सगळं तिनं गिळलं.

“मला हे कुणी सांगितलंच नाही, काकू.”

“कसं सांगणार? सासू गावाकडे तुझी.”

“तेच तर. पुस्तकात बघून बघून करते सगळं.” एकदा सुरुवात झाल्यावर वंदना रंगात आली. आंघोळीला पायावर आधी उताणं घ्यायचं की पालथं, हे तिला अजून कळत नव्हतं. मालिश खालून वर की वरून खाली, यात तिचा रोज गोंधळ व्हायचा. न केलेल्या चुका कबूल करताना वाटते तशी लाज तिला मुळीच वाटली नाही. “तुम्ही सकाळी येऊन जरा दाखवाल का? अपूर्वलाही घेऊन या. त्याला एकटं कुठं ठेवणार तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुंधतीबाई रस्ता ओलांडून आल्या. एका हाताला अपूर्व, दुसऱ्या हातात सहाण आणि वेखंड-जायफळाची पुरचुंडी. मागून त्याची पाण्याची बाटली घेऊन चिन्मयी. तिनं वंदनाकडे बघणं टाळलं, पण बँकेत जाताना समोरच्याच रस्त्यानं गेली. अरुंधतीबाई फाटकात थांबल्या आणि फ्लेक्सकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “हे आधी उतरव. आता इथे मी येणार आहे.”

फ्लेक्स उतरला. घरमालकीणबाईंनी तो गच्चीवर नेऊन त्यावर मिरच्या वाळत घातल्या, दाजींच्या गॉगलसकट.

अरुंधतीबाई वंदनाला मूल वाढवायला शिकवतात, ही बातमी कॉलनीत दोन दिवसांत फिरली. तिसऱ्या दिवशी वकिलीणबाईंच्या सासूबाई आल्या, कारण अरुंधतीला स्वतःला एकच मुलगा, तिला काय कळतंय. त्या येणार तर जुळे मागे कसे राहतील? मग शिक्षिकेची आई आली, ती परभणीहून खरंच आलेली निघाली. कुणाचंही मूल पाळणाघरात नव्हतं. आज्या शिकवायला येत, आणि शिकवायचं तर समोर मुलं लागतातच. दुपारी जेवणवेळ झाली की आज्या घरी जाऊन पाठ टेकत. मुलं तेवढी खेळायला मागे राहत. महिनाअखेरीची वाटही न बघता पियूचा खाऊ पूर्वीसारखा येऊ लागला.

याची किंमत वंदना रोज मोजत होती, कानांनी. सकाळभर तिला काहीच येत नसे. पातळ भात कसा करायचा, झोळी कशी बांधायची, रडणाऱ्या मुलाला खांद्यावर कसं घ्यायचं, हे तिला तिघी तीन तऱ्हेनं शिकवत आणि ती तिघींनाही असं होय, म्हणे. त्यातच तिची पाळत दुप्पट झाली. सहाण ती आज्यांच्या आधी उठून उकळत्या पाण्यातून काढून ठेवी. काजळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून, आमच्यात तळपायालाच लावतात, असा एक रिवाज तिनं बनवला. तान्ह्यांना मध घातक म्हणून, मधाचं बोट मुलांच्या तोंडाशी येताना तिच्या हातून वाटी हमखास सांडे. धांदरट म्हणून तिची ख्याती झाली. मधाची वाटी मग आज्यांनीच आणणं सोडलं.

कल्याणला मात्र पूर्वी नुसती पोरं होती, आता म्हाताऱ्याही आल्या, एवढंच दिसलं. हे काही धंद्यासारखं दिसत नव्हतं. त्यानं लॅबच्या साहेबांना परस्पर सांगूनही टाकलं होतं, दिवाळीनंतर ती येईल म्हणून. वंदनानं भांडण काढलं नाही. भांडून काही होणारं नव्हतं. निर्णय आईचे असत, कल्याण ते नुसते पोचते करी.

दसरा झाला. द्वारकाबाईचा निरोप आला, उद्या सकाळच्या एसटीनं येते, पोरीची दुपटी बांधून ठेव. दुपटी बांधता बांधता वंदनाचं डोकं चालू होतं. सकाळी अरुंधतीबाई आल्या तेव्हा तिनं पडेल चेहऱ्यानं त्यांना सांगितलं: आज सासूबाई येणार आहेत. माझ्याच्यानं पोरगी निभत नाही, म्हणून तिला गावी घेऊन जाणार आहेत. यात खोटं फारसं नव्हतं. कुणाला काय सांगितलं की काय होतं, एवढं तिला आता कळायला लागलं होतं.

द्वारकाबाई आली तेव्हा बाकीच्या आज्यांच्या मधोमध अरुंधतीबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर तेलानं चकचकीत झालेली पियू पालथी हसत होती. द्वारकाबाई उंबऱ्यातच थांबली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नाही. वंदना पाया पडली, चहा टाकते म्हणाली, आणि आत गेली.

“या ना, बसा,” अरुंधतीबाईंचा आवाज आला. “तुम्ही हिच्या आजी ना? बरं झालं आलात. तुमच्या सुनेला बिचारीला काहीच येत नव्हतं हो. कुणी शिकवलंच नाही. मी आले म्हणून.”

आत वंदनानं आधण ठेवलं.

“कोन म्हनलं येत न्हाई?”

“तीच म्हणाली.”

“ती म्हनंल. लहान हे ती. म्हनून तुमी खरं धरायचं का?”

“आणि तुम्ही हिला गावी नेताय ते उत्तम करताय. इथे त्या मुलीकडून निभणार नाही. मी आयुष्यभर मुलं पाहिलीत, मला कळतं.”

“म्या बी पाह्यलीत. पोटची पाह्यलीत.” पिशवी फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. “हे लेकरू तापानं फणफणल्तं, तवा माझी सून रातभर टेकली न्हाई. घडीघडी उठून बघून राह्यल्ती. म्या व्हते तिथं. तुमी न्हवत्या.”

त्या तापात द्वारकाबाई कूस बदलत म्हणाली होती, येवढं काय त्यात, लेकराला ताप येतोच. ती जागी होती, आणि बघत होती, हे वंदनाला आज कळलं. चहा केव्हाच उकळला होता. तिनं गॅस बारीक केला आणि तिथंच थांबली.

“आन् पोरगी मायपशी ऱ्हाईल,” द्वारकाबाई म्हणाली. “न्यायचं कोन म्हनलं तुमाला?”

“वंदनाच म्हणाली.”

“वंदनाला काय कळतंय.”

एवढं बोलून द्वारकाबाईनं वाकून पियूला त्या परक्या पायांवरून उचललं, तेलासकट पदरात घेतलं, आणि खोलीतल्या सगळ्या आज्यांच्या देखत खाली बसकण मारली. चार बायांत बोललेला शब्द होता. तो आता कुंभार पिंपळगावला जाऊनही परत घेता येणार नव्हता.

संध्याकाळी कल्याणनं विचारलं, मंग पियूला कधी न्यायचं ठरलं. आई म्हणाली, बाप हाय का कोन हाय तू, तान्ह्या लेकराला मायपासून तोडतो. कल्याणनं बायकोकडे बघितलं. बायको बांधलेली दुपटी सोडून घड्या घालत होती.

द्वारकाबाई आणखी दोन दिवस राहिली, मुख्यतः अरुंधतीबाईंचं चुकतं कुठं ते दाखवायला. मग म्हशींची आठवण आली. वंदना तिला बसस्टँडवर सोडायला गेली. एसटी लागली, पिशवी आत टाकून झाली, तशी द्वारकाबाई पायरीवर पाय ठेवून मागं वळली.

“चहाला येवढा येळ लागत न्हाई, वंदना,” ती म्हणाली, आणि वर चढली.

वंदना बस हलेपर्यंत तिथंच उभी राहिली.

धर्मराज दाजींना सगळं दैवशालाकडून कळलं. हल्ली ते व्याख्यानात जालन्याच्या एका पाळणाघराचं उदाहरण देतात, एका फ्लेक्सनं धंदा कसा उभा राहिला त्याचं. लोक वहीत लिहून घेतात म्हणे.

त्या दिवशी बसस्टँडवरून घरी येऊन वंदनानं लॅबच्या साहेबांना फोन लावला आणि दिवाळीनंतर येणार नाही म्हणून सांगितलं. साहेबांना वाईट वाटलं. मग आता काय करणार, त्यांनी विचारलं. धंदा, ती म्हणाली. कसला, म्हटल्यावर तिला चटकन सांगता येईना. शेजारीपाजारी मुलं असतात, ती खेळायला येतात, असं काहीतरी ती पुटपुटली.

साहेबांनी स्वतः आयुष्यात कधी वडापावची गाडीही लावली नव्हती. मग घसा खाकरून ते म्हणाले, “मॅडम, वडीलकीच्या नात्यानं एक सल्ला देऊ का?”

“द्या ना, सर,” वंदना म्हणाली, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, आणि पियूची ओली लंगोटी बदलायला बसली.